लाल झालेला व्हॉल्व्ह: सप्ताहाच्या मशीनवर गिटार

(सुरुवातीला दहा-बारा सेकंद नुसती घरघर.)

मोबाईल हातावर आपटू नका, इअरफोनही बिघडलेला नाही. ही घरघर मी मुद्दाम ऐकवली. मोबाईलच्या बारक्या स्पीकरवर ती धड ऐकू येत नाही, म्हणून इअरफोन लावा. आणि जवळ गिटार असेल तर सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट ठेवून छेडा. जी लागला ना? घरघर पण जवळजवळ त्याच सुरात आहे. का, ते पुढं येईल.

आज पाहुणा नाही. म्हणजे आहे, पण तो टेबलावर बसलाय. पत्र्याचा डबा आहे, वर जाळी, जाळीच्या आत काचेचे दिवे. वयानं माझ्यापेक्षा मोठा. वडवणीत आमच्या घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड करतोय, त्यामुळं मधेच कोंबडा आरवला तर समजून घ्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीडहून तेलगाव, सिरसाळा करत परळीला जाता ना, त्या रस्त्यावर आमचं गाव लागतं. दिवाळी झाली की तालुक्यातल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि अर्धी गावं ओस पडतात. उन्हाळ्यात माणसं परतली की लग्नं, जत्रा, सप्ताह सगळं एकदम. आणि या सगळ्याला लागतो स्पीकर.

तात्या, म्हणजे माझे चुलत आजोबा, हे स्पीकरवाले होते. मंडप नाही, जनरेटर नाही, फक्त एक मशीन, दोन कर्णे, एक माईक आणि वायरची भेंडोळी. अँप्लिफायर हा शब्द आमच्याकडं कुणी वापरत नव्हतं, मशीनच म्हणायचे. बैलगाडीत मशीन गोधडीत गुंडाळून न्यायचं. हरिनाम सप्ताहात सात दिवस ते चालायचं, पहाटे काकड्याला सुरू, रात्री कीर्तन उठल्यावर बंद. पुढं ट्रान्झिस्टरची हलकी मशीनं आली, मग डीजे आले. तात्यांचं मशीन धान्याच्या कणगीमागं गेलं. पाटीवरचं नाव उंदरांनी की गंजानं, कुणी खाल्लं माहीत नाही, पण आता वाचता येत नाही.

मी पुण्यात शिकताना गिटार घेतली. सुट्टीत घरी आलो, कणगी हलवताना मशीन दिसलं, जाळीतून आत बघितलं तर दोन मोठे व्हॉल्व्ह, तीन छोटे. मोबाईलवर टॉर्च लावून अक्षरं वाचली. छोट्यांवर बीईएल आणि ईसीसी ८३. बीईएल म्हणजे बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स, लष्करासाठी रडार वगैरे बनवणारी सरकारी कंपनी. १९६१ पासून ती रेडिओचे व्हॉल्व्ह पण बनवायची. मोठ्यांवरचा छापा पुसला होता, पण खालच्या आठ पिना आणि आकार बघून कळलं की ते ईएल ३४ आहेत.

आता ज्यांना गिटारचा नाद आहे त्यांच्या डोक्यात घंटा वाजली असेल. ईएल ३४ आणि ईसीसी ८३, ही तर मार्शलची जोडी. जिम मार्शल हा लंडनच्या हॅनवेल भागात ड्रम आणि वाद्यांचं दुकान चालवायचा, ड्रमर होता. १९६२ च्या सुमारास त्याच्या दुकानातल्या लोकांनी फेंडर कंपनीच्या बासमन अँपची रचना समोर ठेवून आपला अँप बनवला. बासमन मुळात बेस गिटारसाठी होता, लोक त्यावर साधी गिटार वाजवायला लागले होते. म्हणजे एका कामाचं मशीन दुसऱ्या कामाला लावायचं, ही खोड जुनीच आहे. मी म्हणलं, मग सप्ताहाच्या मशीननं काय पाप केलंय?

नवा व्हॉल्व्ह अँप घ्यायचा तर आमच्याकडं त्या पैशात दुभती म्हैस येते. इथं फुकट पडलाय.

तात्यांना विचारलं. ते म्हणले, "घे की. पण माईकचं भोक बुजवू नको. आन् कर्ण्याबिगर चालू करू नको." पहिली अट मला भावनेची वाटली, दुसरी म्हाताऱ्या माणसाची रीत वाटली. दोन्हींबद्दल पुढं बोलतो.

आता इथून पुढं मी काय काय चुका केल्या ते सांगणार आहे, त्याआधी एक. या डब्यात चारशे-साडेचारशे व्होल्ट डीसी असतं. घरातल्या प्लगमध्ये २३० असतं, त्याच्या दुप्पट धरा. आणि प्लग काढला तरी ते जात नाही, कंडेन्सरमध्ये साठून राहतं, कधी मिनिटं, कधी तास. मीटर धरायची सवय नसेल तर झाकण उघडू नका. ऐका, मजा घ्या, आणि काम करायचं तर जाणत्याच्या शेजारी बसून करा.

तर मी काय केलं? धूळ पुसली, एक जुना आठ ओहमचा बारा इंची स्पीकर जोडला, गिटार माईकच्या भोकात घातली आणि सरळ बटण दाबलं. अर्ध्या मिनिटानं व्हॉल्व्ह केशरी झाले. मग ती घरघर. आणि घरघरीच्या आड गिटार! फाटका, दबलेला आवाज, पण आवाज. मी नाचलो. पाच मिनिटांनी बघतो तर उजवीकडच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या आतला पत्रा लाल. तंतू केशरी असतो तो वेगळा, तो तर असायलाच पाहिजे. हा बाहेरचा करडा पत्रा, अ‍ॅनोड म्हणतात त्याला, तो लोहाराच्या भट्टीतल्या पासेसारखा तापला होता. बंद केलं.

मी ठरवलं, व्हॉल्व्ह म्हातारा झाला. बल्ब गेला की बल्ब बदलतो, तसा व्हॉल्व्ह बदलू. बीडला एका दुकानात "ट्यूब पाहिजे" म्हणलं तर पोरानं वीस वॅटची एलईडी ट्यूब काढून ठेवली. त्याची चूक नाही. शेवटी ऑनलाइन मागवले. हे व्हॉल्व्ह आज जगात मोजक्या ठिकाणी बनतात: रशियात सारातोव्हला, स्लोव्हाकियात, चीनमध्ये. ईएल ३४ ची जुळवलेली जोडी, म्हणजे दोघांची चाल सारखी आहे असं मोजून दिलेली, कित्येक हजारांना पडली. शिकवणीचे दोन महिन्यांचे साठवलेले पैसे गेले.

जोडी बसवली. दहा मिनिटं, खरं सांगतो, दहा मिनिटं स्वर्ग होता. आवाज गोल, जाड. जोरात छेडलं की कडेनं थोडा फाटायचा आणि हळू छेडलं की परत स्वच्छ. बोटाच्या दाबाला उत्तर देणारा आवाज. डोळे मिटून वाजवत होतो. उघडले तेव्हा उजवीकडचा नवा व्हॉल्व्ह लाल झाला होता, आणि बटणापर्यंत हात जाईपर्यंत आतून टिक असा आवाज आला, फ्यूज उडाला. व्हॉल्व्ह गेला.

त्या रात्री जेवलो नाही. पैशाचं होतंच, पण त्याहून जास्त हे की तात्यांच्या मशीनला सप्ताहाच्या सात-सात दिवसांत काही झालं नाही आणि मी दहा मिनिटांत मारलं.

तात्या म्हणले, "बीडला चाचाकडं ने. ते रेडिओवाले होते. असतील तर." चाचा होते. दुकान आता नातवाचं, मोबाईलचे कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास. चाचा आत खाटेवर. मशीन बघितल्यावर उठून बसले, चष्मा मागवला.

पहिला प्रश्न: "लाल कोणत्या बाजूचा झाला?"

"उजवीकडचा."

"जुना लाल झाला तो?"

"तोही उजवीकडचाच."

चाचा माझ्याकडं बघत राहिले. "मग बेटा, व्हॉल्व्ह कशाला बदलला?"

मंडळी, या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. मी पहिल्याच दिवशी काय करायला पाहिजे होतं? मशीन बंद करून, गार झाल्यावर, दोन जुन्या मोठ्या व्हॉल्व्हची जागा आपसात बदलायची. उजवा डावीकडं, डावा उजवीकडं. परत मिनिटभर चालू करायचं आणि डोळ्यात तेल घालून बघायचं. लाली व्हॉल्व्हच्या मागं डावीकडं गेली तर व्हॉल्व्ह खराब. लाली उजवीकडच्याच सॉकेटला चिकटून राहिली तर व्हॉल्व्ह बिचारा बरा आहे, खालची वायरिंग त्याला मारतेय. एक रुपया खर्च नाही. माझे हजारो रुपये वाचले असते आणि छापा पुसलेला जुना व्हॉल्व्ह मी विनाकारण बदनाम केला नसता.

पण वायरिंग व्हॉल्व्हला मारते म्हणजे काय? यासाठी व्हॉल्व्हच्या पोटात जाऊ.

माजलगाव धरणाचा कालवा डोळ्यापुढं आणा. पाणी आहे, उतार आहे, आणि चारीच्या तोंडाला लोखंडी दार आहे. दार किती उचलायचं ते एक माणूस एका हातानं ठरवतो आणि त्याच्या मागं पाण्याचा लोंढा हलतो. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या नळीतून, तिला कॅथोड म्हणायचं, इलेक्ट्रॉन सुटतात. साडेचारशे व्होल्टचा अ‍ॅनोड त्यांना ओढतो. मध्ये तारेचं जाळं आहे, ग्रिड. ते आपलं दार. गिटारच्या तारेतून येणारा बारीकसा संदेश दार हलवतो आणि पलीकडं मोठा प्रवाह त्याच चालीनं हलतो. १९०६ साली ली डी फॉरेस्टनं दोन भागांच्या दिव्यात हे तिसरं जाळं घातलं आणि तिथून लाउडस्पीकर, रेडिओ, सगळं शक्य झालं.

आता कुणी दार हलवत नसताना ते किती उघडं राहावं? पूर्ण उघडं ठेवलं तर चारी फुटेल. म्हणून ग्रिडला कायमचा उणे व्होल्टेज देतात, दार जवळजवळ मिटलेलं राहतं. याला बायस म्हणतात. माझ्या मशीनमध्ये तो उणे ३८ व्होल्ट असायला पाहिजे होता.

आणि आधीच्या छोट्या व्हॉल्व्हकडून संदेश येतो त्या वाटेवर एक कंडेन्सर असतो. त्याचं काम राखणदाराचं: आवाजाची थरथर पुढं जाऊ द्यायची, पण छोट्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडवरचे दोनेकशे व्होल्ट अडवायचे. जुने कागदी कंडेन्सर वर्षानुवर्षं दमट हवेत राहून गळके होतात. थोडे अधिक व्होल्ट झिरपून ग्रिडवर येतात, उणे ३८ चं उणे कमी होतं, दार वर उचललं जातं आणि प्रवाह वाढत जातो. ईएल ३४ चा अ‍ॅनोड २५ वॅट सोसतो. त्याच्यावर जवळजवळ दुप्पट पडली की तो लाल होणारच. जुना असो, नवा असो, सोन्याचा असो.

चाचांनी माझ्याकडूनच मोजून घेतलं. दोन्ही मोठे व्हॉल्व्ह काढले, मशीन चालू केलं, आणि मोकळ्या सॉकेटच्या पाचव्या पिनेवर मीटरची लाल काडी टेकवायला लावली, एक हात पाठीमागं. "एक हात खिशात," हे ते प्रत्येक वेळी म्हणायचे. दोन्ही हात मशीनला लागले तर करंट छातीतून जातो, म्हणून. डावीकडं उणे ३८. उजवीकडं उणे १७. झालं. चोर सापडला.

कंडेन्सर केवढ्याला आला? दोन मिळून एका मिसळीच्या आत. शून्य पूर्णांक एक मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचे, नव्या प्लास्टिक फिल्मचे. गळका एकच होता, पण चाचांनी दोन्ही बदलायला लावले. एका वयाचे आहेत, दुसराही रांगेतच उभा आहे म्हणले.

डाग देण्याआधी मात्र माझा दुसरा मूर्खपणा उघडा पडला. मी प्लग काढला आणि डिसमिसनं मोठ्या कंडेन्सरची दोन टोकं जोडली. व्हिडिओत बघितलं होतं. फाट्कन आवाज, निळी ठिणगी, डिसमिसच्या टोकाला खळगा. चाचांनी डिसमिस हातातून काढून घेतला. कंडेन्सर असा रिकामा करत नाहीत. दहा हजार ओहमचा, दहा वॅटचा रेझिस्टन्स घ्यायचा, त्याला झाकलेल्या वायरी आणि क्लिपा लावायच्या. एक क्लिप आधी चॅसीला, दुसरी एका हातानं कंडेन्सरच्या अधिक टोकाला. काही सेकंद थांबायचं. मग मीटर लावून बघायचं. दहा व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोट आत नाही. आता हा रेझिस्टन्स माझ्या डब्यात कायम असतो, लाल टेप गुंडाळून.

आणि सिरीज बोर्ड. ज्यांच्या घरी जुना रेडिओ मेकॅनिक होता त्यांनी हा बघितला असेल: लाकडी फळी, एक होल्डर, शंभर वॅटचा पिवळा बल्ब, एक प्लगची जागा. मशीनला वीज या बल्बमधून जाते. बंद पडलेलं मशीन पहिल्यांदा कायम असंच चालू करायचं. बल्ब झपकन पेटून मंद झाला तर बरं. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे, आणि सगळा मार बल्बनं खाल्ला, ट्रान्सफॉर्मर वाचला. एलईडी बल्ब याला चालत नाही, तंतूचाच लागतो. तो आता मिळायला अवघड झालाय. मला देवघरातल्या जुन्या खोक्यात एक मिळाला.

आता घरघर. सुरुवातीला ऐकवली ती दुरुस्तीच्या आधीची आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. मशीनमध्ये तिची डीसी करताना दोन्ही अर्धलाटा वापरल्या की दर सेकंदाला १०० हेलकावे उरतात. मोठे कंडेन्सर ते हेलकावे बुजवतात. ते सुकले की हेलकावे स्पीकरपर्यंत येतात. १०० हर्ट्झ. आणि गिटारच्या जाड तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी आहे ९८. म्हणून जवळजवळ जुळतो. यात कामाची गोष्ट अशी की कानानं निदान होतं. घरघर या जीवर असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या. त्याच्या एक सप्तक खाली, ५० वर असेल तर हीटरच्या वायरी, अर्थिंग किंवा गिटारची केबल बघा. मीटर उघडायच्या आधी कान उघडा. माझे सुकलेले होते, नवीन घातले, घरघर गेली. जागा कमी असल्यामुळं दोन खाली चिकटवावे लागले, दिसायला वाईट आहे.

आता सगळ्यात गंभीर भाग. तात्यांच्या मशीनला दोन पिनांचा प्लग होता. अर्थिंग नाहीच. आणि आत वीज येते तिथून चॅसीला एक कंडेन्सर जोडलेला. जुन्या मशीनांत असायचा तो, घरघर कमी करायला. परदेशात त्याला थेट मृत्यूचा कंडेन्सर म्हणतात. का, ते बघा. गिटारची तार ब्रिजला लागते, ब्रिजची वायर जॅकला, जॅक चॅसीला. म्हणजे तुम्ही तारेवर बोट ठेवलं की तुम्ही मशीनच्या पत्र्याला धरून उभे आहात. तो कंडेन्सर शॉर्ट झाला आणि प्लग उलटा बसला की त्या तारेत २३० व्होल्ट. त्यात पाय ओल्या जमिनीवर, समोर माईक, माईकला ओठ. तात्या सांगतात, सप्ताहात माईकला टॉवेल गुंडाळून धरायचे, "झिणझिण्या येत्यात" म्हणून. ते सगळे हसत हसत सांगतात. मला ऐकून घाम फुटला.

तो कंडेन्सर कापून टाकला. तीन पिनांची वायर घातली, हिरवी वायर स्वतंत्र बोल्टनं चॅसीला आवळली, रंग खरवडून. पण तीन पिना असून उपयोग काय, भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागं काही आहे का? आमच्याकडं नव्हतं! भोक होतं, वायर होती, ती मीटरच्या पेटीमागं मोकळी लोंबत होती. वायरमन बोलावून अंगणात खड्डा घेतला, मीठ-कोळसा घालून अर्थिंग केली. तुमच्याकडं घरात, हॉस्टेलवर, रूमवर तिसरं भोक खरंच जोडलंय का, हे वायरमनकडून तपासून घ्या. गिटार वाजवत नसाल तरी.

बायस लावायची गोष्ट थोडी आकड्यांची आहे, पण सांगतो. मोठ्या व्हॉल्व्हच्या आठव्या पिनेवर कॅथोड असतो. तिथून चॅसीला जाणाऱ्या वाटेत एक ओहमचा रेझिस्टन्स घातला की त्यावर जितके मिलिव्होल्ट दिसतात तितके मिलिअँपिअर व्हॉल्व्हमधून जातायत. अ‍ॅनोडला २५ वॅट सोसतात, पण काठोकाठ भरायचं नाही, सत्तर टक्के धरायचे: साडेसतरा वॅट. माझ्याकडं अ‍ॅनोडवर ४४० व्होल्ट. साडेसतराला ४४० नं भागा, ४० मिलिअँपिअरच्या आत येतं. मी ३५ वर ठेवलाय. आवाजात फरक मला तरी कळत नाही, व्हॉल्व्हचं आयुष्य वाढतं.

पण हे ४४० केव्हाचे? इथं आमच्या गावाचा संबंध येतो. दिवसा शेतातल्या मोटारी चालू असल्या की माझ्या खोलीत मीटर १९८ दाखवतो. रात्री अकराला मोटारी बंद, तर २४१. दिवसा अ‍ॅनोडवर ३६० च्या आसपास, रात्री ४४०. मी पहिला बायस भर दुपारी लावला होता! रात्री तो कुठल्या कुठं गेला. इंटरनेटवर कुणी हे सांगत नाही, कारण सांगणाऱ्याच्या घरी व्होल्टेज हलत नाही. खेड्यात बायस रात्री लावायचा, व्होल्टेज सगळ्यात जास्त असेल तेव्हा. किंवा स्टॅबिलायझर घ्यायचा.

छोटे व्हॉल्व्ह, ईसीसी ८३, यांचं सोपं आहे. बायस लावावा लागत नाही, काढा आणि घाला. मशीन चालू असताना पेन्सिलीनं काचेवर टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा ठण आवाज आला तर आतले भाग ढिले झालेत, तो पहिल्या जागेवर नको, मागच्या जागेवर चालून जातो. माझे तिन्ही बीईएलचे ठीक निघाले. याच पिनांवर ईसीसी ८१ आणि ८२ पण बसतात. ८३ आवाज जास्तीत जास्त १०० पटीनं वाढवतो, ८१ साठ, ८२ सतराच्या आसपास. गिटार फार लवकर फाटत असेल तर पहिल्या जागी ८१ घालून बघा, मोठे व्हॉल्व्ह बदलण्यापेक्षा स्वस्तात आवाज बदलतो. आणि काचेच्या डोक्यावरचा चंदेरी डाग बघा. तो पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, फेकून द्या. काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती असते. आतल्या पत्र्यांमध्ये जांभळट गुलाबी धूर भरल्यासारखा दिसला तर मात्र बंद करा.

तात्यांची दुसरी अट राहिली. कर्ण्याबिगर चालू करू नको. ती रीत नव्हती, शास्त्र होतं. व्हॉल्व्ह मशीनमध्ये शेवटी मोठा आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. पुढं स्पीकर नसताना आवाज सोडला तर जोर जायला वाट राहत नाही, ट्रान्सफॉर्मरमध्ये हजारभर व्होल्टच्या उसळ्या येतात आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. व्हॉल्व्ह मिळतो, कंडेन्सर मिळतो, हा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही. तात्यांनी इतकी वर्षं सांभाळला म्हणून तर मला हे सगळं करायला मिळालं.

मागच्या पट्टीवर स्क्रू आहेत: ४, ८, १६ आणि १०० व्होल्ट. कर्णे १०० व्होल्टवर जायचे, प्रत्येक कर्ण्याला आपला छोटा ट्रान्सफॉर्मर. कारण देवळापासून वेशीपर्यंत लांबलचक बारीक वायर. व्होल्टेज वाढवलं की करंट कमी, वायरीत आवाज कमी वाया जातो. वीज मंडळ उंच तारांतून वीज नेतं, तीच युक्ती. गिटारचा स्पीकर मात्र ८ च्या स्क्रूला. चुकून १०० ला लावू नका.

आणि पहिली अट, माईकचं भोक. दोन माईकची भोकं होती. दुसऱ्याचं मी गिटारसाठी केलं. गिटारच्या पिकअपला समोर दहा लाख ओहम, म्हणजे एक मेग लागतो, नाहीतर आवाज बोदा येतो. माईकच्या भोकामागं एक लाखाचाच होता. तो बदलून एक मेग घातला, ग्रिडला ६८ हजारांचा. पहिलं भोक जसं होतं तसं ठेवलं, एक डागसुद्धा हलवला नाही.

परवा काम संपल्यावर तात्यांना खोलीत बोलावलं. गिटार वाजवून दाखवली. ते म्हणले, "बरंय. पर मोठ्यानं लई." मग जुना माईक आणला, पहिल्या भोकात घातला, फुंकर मारली, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग." थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "आवाज बसलाय. असा नव्हता."

बरोबर आहे त्यांचं. मी ऐकलं, खरंच बसलाय. त्या बाजूचा एक कंडेन्सर अजून जुनाच आहे, मी हात लावला नव्हता ना. ते काम या रविवारी. बीडला जाऊन चाचांना विचारून येतो, मग उघडतो.

हो, एक राहिलं. गेल्या आठवड्यात फोटो टाकल्यावर एकानं विचारलं, तिन्ही बीईएलचे व्हॉल्व्ह विकतो का, चांगले पैसे देतो. नाही विकत. माझ्याकडं एक नवा ईएल ३४ एकटा पडलाय, जोडीदार गेलेला. तो कुणाला पाहिजे असेल तर मेसेज करा.

थांबा, व्हॉल्व्ह तापलेत. आता वाजवतो, आणि मग भेटू पुढच्या भागात.

(गिटार, सुमारे दोन मिनिटं. शेवटी कोंबडा.)